धंद्याआधी चार गोष्टी पुसाव्या लागतात

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. पडलेली घरं पुन्हा उभी करताना लातूर-उस्मानाबादच्या गावांत स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावातल्याच बायांना ‘संवाद सहायक’ केलं. त्या घरोघर बसून आधी ऐकायच्या, मग योजना समजावून सांगायच्या. नांदेडकडच्या आमच्या गटानं तीच रीत धरली आहे.

कुणी म्हणते, “डाळीचा धंदा करायचाय, कर्ज द्या.” आम्ही लगेच अर्ज काढत नाही. आधी पुसतो, पाणी कोण भरतं? मोंढ्यात तूर घेऊन कोण जातं? आलेला पैसा कुणाच्या हातात राहतो? उठता-बसता चक्कर येत असेल तर आधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या म्हणतो. अंगात रक्त नसलं तर धंदा कुठला ओढवतो!

सगळ्यात अवघड गोष्ट सातबाऱ्याची. लक्ष्मीमुक्ती योजनेत नवऱ्यानं अर्ज दिला तर बायकोचं नाव सोबत लागतं. पण हा विषय घरात काढायचा कसा? आमच्यातल्या एकीचं नाव लागलं. दुसरीचा नवरा अजून कबूल नाही. सोमवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत, तिच्या सासूबाई घरी असताना.