कोरडवाहू मुलखातला मासा

आमच्या मोर्शीला समुद्र नाही. नावापुरता मात्र आहे. सिंभोऱ्याजवळ वर्धा नदीवर जे अप्पर वर्धा धरण झाले, त्याच्या जलाशयाला 'नळ-दमयंती सागर' म्हणतात. पण त्यातले रोहू-कटला गोड्या पाण्याचे. खाऱ्या पाण्याचा मासा वऱ्हाडात भेटतो तो बहुधा आठवडी बाजारात, सुका बोंबील होऊन. तेव्हा कोळिणी नि मासे यांच्या रंगीत आधुनिक चित्रांशी आपला काय संबंध, असे कोणी विचारले तर ते गैर नव्हे.

गंमत अशी की, अशी चित्रे काढून नाव मिळवणाऱ्या बी. प्रभा या आपल्या विदर्भातल्याच. जन्म १९३३ चा, नागपूरकडील बेला गावचा. शिक्षण आधी नागपूरला, मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. समुद्र त्यांना वारशाने मिळाला नव्हता. मुंबईस जाऊन तो त्यांनी डोळ्यांनी मिळवला. आणि त्यांच्या चित्रांत तो लाटांपेक्षा मासळीची टोपली घेतलेल्या बाईच्या रूपानेच अधिक येतो.

या बायका उंच, सडपातळ, लांब मानेच्या. पुष्कळदा एकच रंग साऱ्या चित्रावर राज्य करतो. मुलांना असे चित्र दाखवले की प्रश्न ठरलेला: "सर, खरंच असं असतं का?"

आता पोळ्याचा बैल आठवून बघा. आपण त्याची शिंगे रंगवतो, अंगावर झूल घालतो. बैल काही तसा जन्मत नाही. पण त्याचे नि आपले नाते काय, हे तो रंग सांगतो. चित्रातल्या माशाचेही तेच. टोपलीतला मासा म्हणजे त्या बाईचा दिवसभराचा हिशेब. विकला तर चूल पेटेल, न विकला तर नासेल. ही काळजी प्राणिशास्त्राच्या आकृतीत मावायची नाही.

फ्रान्सचा मातीस हा चित्रकारही समुद्रापासून दूर, विणकरांच्या गावात वाढला. १९३० साली त्याने ताहितीचा समुद्र पाहिला. १९४१ च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर उभे राहून रंगवणे कठीण झाले, तेव्हा त्याने कात्री हाती घेतली. १९५० साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, रंगवलेले कागद कापून त्याने 'समुद्रातील प्राणी' हे सुमारे दहा फूट उंचीचे चित्र केले. पाहिलेला समुद्र वीस वर्षे मनात मुरला होता.

म्हणून पालकांना एक विनंती. आपल्या मुलखात जे नाही ते मुलाने काढू नये, आणि आहे ते जसेच्या तसे काढावे, असा दंडक घालू नका. त्याने उद्या संत्रे निळे रंगवले, तर लगेच खोडरबर देऊ नका. "निळे का रे बाबा?" एवढे विचारा, आणि तो काय सांगतो ते पुरते ऐकून घ्या.