माप फळीला विचारा



मी सुतार नाही. सारा जन्म शाळेत मुलांना गणित शिकवण्यात गेला. पण पुस्तकांच्या एका मांडणीने माझेच गणित चुकवले. ती गोष्ट आज तुम्हांला सांगतो. तुमच्यापैकी कोणी घरात फळ्या बसवून घेत असेल, कोणी सुतारकाम शिकत असेल. दोघांनाही ती उपयोगी पडेल.

आमच्या प्रौढ वर्गाला पुस्तके ठेवायला मांडणी हवी होती. वर्गातल्या बायाबापड्यांनी मजुरीतून थोडेथोडे बाजूला काढून वर्गणी जमवली. खरेदीचे काम माझ्याकडे आले. प्लायवूड घ्यायचे ठरले. मी घरी बसून कागदावर आकृती काढली. मांडणीची रुंदी बाहेरून ९०० मिलिमीटर. दोन बाजूंच्या उभ्या फळ्या १९ मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे मिळून ३८. आत उरले ८६२. वरची फळी ९०० आणि आतल्या आडव्या फळ्या ८६२. झाले गणित!

मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, आधी माल येऊ द्या. माल हाती आला की माप घेऊ."

मी म्हणालो, "अहो, एकोणीस म्हणजे एकोणीसच. त्यात मोजायचे काय?"

ते बिचारे गप्प बसले. मी तालुक्याला गेलो, माल घेतला आणि कागदावरच्या मापाने सगळे तुकडे तिथेच यंत्रावर कापून आणले.

मांडणी जोडायला घेतली, तर आतली प्रत्येक फळी आखूड! स्क्रू आवळून फट बुजवली, तर उभ्या फळ्या आत ओढल्या जात आणि वरची फळी बाहेर डोकावे. मागचा पातळ पत्रा ६ मिलिमीटरच्या खाचेत खुळखुळू लागला. पाहणारे म्हणाले, "मिस्त्रीने काम बिघडवले." आणि खरे सांगतो, त्या दिवशी मी गप्प राहिलो.

मिस्त्रींनी भांडण केले नाही. त्यांनी चार तुकडे एकावर एक घट्ट रचले आणि पट्टी माझ्या हातात दिली. "गुरुजी, तुम्हीच मोजा." चार तुकडे मिळून भरले ७० मिलिमीटर. ७० भागिले ४, म्हणजे एक फळी साडेसतरा. दोन बाजू मिळून ३५. मग आत जागा उरली ८६५ आणि माझ्या फळ्या ८६२. तीन मिलिमीटर कुठे गेले ते कळले.

दुसऱ्या दिवशी मी भर वर्गात सांगितले, "चूक मिस्त्रींची नव्हे, माझी आहे." मिस्त्री हसून म्हणाले, "लाकूड वाढत नाही, पण कमी करता येते." त्यांनी वरची फळी कापून ८९७ केली. मागचा पत्राही तेवढाच कापला आणि खाचेत बारीक चीप बसवली. मांडणी उभी राहिली. लोकांचे पैसे वाचले.

आता हे असे का होते ते पाहू. प्लायवूड म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचे थर. एकाचे रेषे उभे, तर त्यावरच्याचे आडवे. थर बहुधा विषम असतात, तीन, पाच, सात असे. ते चिकटवून गरम दाबयंत्रात दाबतात, मग घासून गुळगुळीत करतात. त्यामुळे जाडीत थोडा फरक पडतोच. सरकारी मानकातही थोडी सूट असते. पण काही ठिकाणी पातळ माल जाड म्हणून खपवला जातो, ही गोष्ट वेगळी.

मापांची नावेही फसवतात. जुने सुतार सूत मोजतात. एका इंचात ८ सूत. सहा सूत म्हणजे पाऊण इंच, सुमारे १९ मिलिमीटर. आपल्याकडे १९५८ पासून मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने आली, पण दुकानात अजून "आठ बाय चार"च म्हणतात. आठ फूट म्हणजे नेमके २४३८.४ मिलिमीटर. तक्त्यावर मात्र २४४० बाय १२२० असे लिहिलेले असते. म्हणून एका कामात एकच माप धरावे, फूट तरी नाहीतर मिलिमीटर तरी.

खरेदीला जाल तेव्हा एवढे करा. टेप बरोबर न्या. जाडी एका कोपऱ्यात नव्हे, चारपाच ठिकाणी मोजा. लांबी आणि रुंदी दोन्ही टोकांना मोजा. मग कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपे मोजा. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून दोन्ही तिरपी मापे जुळली, तर तक्ता काटकोनात आहे. न जुळली तर आधी एक कड सरळ करून घ्या आणि गुण्या लावूनच पुढची कड आखा. तक्त्यावरचा आयएसआय शिक्का पाहा. भाव चौरस फुटाला असतो आणि आठ बाय चारच्या तक्त्यात ३२ चौरस फूट भरतात. पावतीवर जाडी लिहून घ्या.

करवतही आपला वाटा घेते, बरे का! २४४० मिलिमीटर लांबीतून ३०५ च्या आठ फळ्या कागदावर निघतात. पण त्यासाठी सात काप द्यावे लागतात. एका कापात ३ मिलिमीटर भुसा झाला, तर २१ मिलिमीटर गेले. प्रत्येक फळी ३०२ चीच धरावी लागते.

आणि शेवटची गोष्ट. आधी बाजू उभ्या करा, आतली जागा मोजा, मगच आतली फळी कापा. खाच पाडण्यापूर्वी त्याच फळीचा तुकडा लावून पाहा.

लिहायला वाचायला शिकलात, आता मोजायलाही शिका. पण कागदावरचा आकडा आणि हातातली फळी यांचे जमेना, तर फळीचे ऐका. आणि हाताने काम करणारा माणूस "थांबा" म्हणाला, तर थांबा. मी थांबलो नाही, म्हणून ही गोष्ट सांगायची वेळ आली.