पुस्तक सांगून संपवू नका

आजचा भाग पुस्तकांवर आहे, पण कुठल्या एका पुस्तकावर नाही. मोबाइलवरून पुस्तकाबद्दल बोलायचं कसं, यावर आहे. कारण गेले काही दिवस एकच प्रश्न सारखा येतोय: "दादा, मला वाचायला आवडतं. मला पण पुस्तकांवर व्हिडिओ करायचेत. सुरुवात कुठून करू?" आणि विचारणारे बहुतेक जण आपल्या नांदेड-लातूरकडचेच आहेत.

आधी आपल्या भागाचं सांगतो, कारण त्याशिवाय या प्रश्नाचं वजन कळत नाही.

आपल्याकडे 'पुस्तक' या शब्दाचा अर्थच बदललाय. लातुरात कुणाला म्हणा, "पुस्तक वाचूलालोय," समोरचा लगेच विचारतो, "कोणत्या विषयाचं?" बारावी, नीट, जेईई यांसाठी लांबलांबून पोरं लातूरला येतात. नांदेडलाही आता तसंच आहे. गल्लोगल्ली अभ्यासिका झाल्यात. तिथं सकाळी लवकर गेला नाहीत तर खुर्ची मिळत नाही. आणि काही ठिकाणी तर ज्या वाचनालयाच्या हॉलमध्ये ही अभ्यासिका चालते, तिथंच भिंतीला लागून कादंबऱ्यांची कपाटं असतात. कुलूपबंद. तीनशे पोरं रोज त्या कपाटांना पाठ करून बसतात.

मी या अभ्यासाला नावं ठेवत नाही. त्याच अभ्यासानं माझ्यासारख्यांना बीटेकपर्यंत नेलं. पण एक गोष्ट होते. आठवी-नववीपर्यंत मिळेल ती गोष्ट वाचणारं पोरगं दहावीला थांबतं. "एवढं होऊ दे, मग वाचू." बारावी होते, डिग्री होते, नोकरी लागते, आणि ते 'मग' काही येत नाही. त्याच्याकडं वेळ उरतो तो जेवताना दहा मिनिटं, एसटीत अर्धा तास आणि झोपायच्या आधी मोबाइलवर. म्हणजे त्याला परत पुस्तकापर्यंत न्यायचं असेल, तर वाट मोबाइलमधूनच काढावी लागणार. म्हणून तुमचे व्हिडिओ महत्त्वाचे आहेत.

आता अडचण बघा. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे ही बाजू जरा उघडून सांगतो. २०१२ मध्ये यूट्यूबनं एक मोठा बदल केला. आधी व्हिडिओवर किती जणांनी क्लिक केलं याला महत्त्व होतं. त्यानंतर लोक किती वेळ बघत बसले, म्हणजे वॉच टाइम, याला महत्त्व आलं. त्या सिस्टिमला तुम्ही आवडता ते तुमचा प्रेक्षक तिथून हलत नाही म्हणून.

पण पुस्तकाच्या व्हिडिओचं काम नेमकं उलटं आहे! समजा तुमचा व्हिडिओ बघता बघता एखादी मुलगी तिसऱ्या मिनिटाला उठली, मोबाइल ठेवला आणि कपाटातून ते पुस्तक काढलं. तुमच्यासाठी याहून मोठं यश नाही. आकड्यांच्या लेखी मात्र एक प्रेक्षक मध्येच निघून गेला. हे दोन हिशेब जुळत नाहीत. हे आधी डोक्यात पक्कं करा, नाहीतर तुम्ही नकळत आकड्यांच्या मागं जाता आणि 'अख्खं पुस्तक दहा मिनिटांत' असले व्हिडिओ करायला लागता.

त्यात वाईट काय? बघणाऱ्याला वाटतं, झालं की आपलं हे पुस्तक. गोष्ट कळली, शेवट कळला, पाच मुद्दे कळले. मग तो ते उघडेल कशाला? तुम्ही सांगून सांगून ते संपवलेलं असतं.

मग बोलायचं कसं? यासाठी मी तुम्हाला नांदेडच्याच माणसाकडं नेतो. नरहर कुरुंदकर. जन्म १९३२, नांदापूरचा, म्हणजे आताचा हिंगोली जिल्हा. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात मराठी शिकवलं, पुढं तिथंच प्राचार्य झाले. १९८२ मध्ये गेले, पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. त्यांचं लहानपण निजामाच्या राज्यातलं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपल्याकडं सरकारदरबारी उर्दू होती, उस्मानिया विद्यापीठात शिक्षणही उर्दूतून होतं, आणि सभा घ्यायची तर परवानगी लागायची. मराठी पुस्तक मिळवणं आणि त्यावर चारचौघांत बोलणं हे आपल्या आजोबा-पणजोबांना फुकटात मिळालेलं नाही.

कुरुंदकर गावोगाव जाऊन बोलायचे. त्यांची काही पुस्तकं मुळात भाषणंच आहेत. आपण आज ऑडिओचा मजकूर करून टाकतो ना, तसंच! आता त्यांची एक गोष्ट बघा. रणजित देसाईंची 'श्रीमान योगी' तुमच्यापैकी अनेकांच्या घरात असेल. तिला कुरुंदकरांची लांबलचक प्रस्तावना आहे, पत्राच्या रूपातली. त्या प्रस्तावनेत ते कादंबरीची गोष्ट सांगत बसत नाहीत. शिवाजी महाराजांकडं इतिहासातला माणूस म्हणून बघायचं तर कोणते प्रश्न विचारावे लागतात, पुरावा काय, समजूत काय, हे मांडतात. ती वाचून माणूस डोक्यात प्रश्न घेऊन कादंबरीत शिरतो. आपल्याला हेच करायचंय. ऐकणाऱ्याच्या हातात एक प्रश्न द्यायचा आणि बाजूला व्हायचं.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या'. लेखक लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचे. पुस्तक १९८७ चं आत्मचरित्र, १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. म्हणजे आपल्या एसटीच्या टप्प्यातल्या गावातून आलेलं पुस्तक देशभर पोचलं, आणि लातुरात शिकणाऱ्या कितीतरी पोरांना त्याचं नावही माहीत नसतं.

यावर चार मिनिटांचा व्हिडिओ करायचाय. पहिल्या मिनिटात शब्द समजावून सांगा. उचल्या म्हणजे उचलेगिरी करणारा, भुरटा चोर. आणि हे एका अख्ख्या समाजाचं नाव! इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का कायद्यातून निघाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. लोकांच्या मनातून कधी निघाला, हा वेगळा प्रश्न. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटात एकच गोष्ट घ्या: अशा घरातला एक पोरगा शाळेत जायला लागतो, आणि त्याच्याच वस्तीला ते पटत नाही. का पटत नसेल? तिथंच थांबा. उत्तर देऊ नका. चौथ्या मिनिटात सांगा की पुस्तक कुठं मिळेल. कोणत्या वाचनालयात तुम्ही स्वतः पाहिलं, कुठल्या कपाटात आहे, सभासद व्हायला काय लागतं. हा भाग लोक गाळतात, आणि खरं तर सगळं यावरच अडलेलं असतं. "लिंक खाली दिलीय" यानं काम होत नाही. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याला वाचनालयाचा पत्ता लागतो.

आता कायद्याचं बोलू, कारण याची सगळ्यांना धास्ती असते. अख्खं पुस्तक वाचून त्याचा ऑडिओ टाकला तर चालतो का? आपल्याकडं लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं कॉपीराइट असतो आणि ती वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक १९३६ मध्ये गेल्या, तेही खुलं. कुरुंदकरांचं लेखन मात्र २०४२ संपेपर्यंत खुलं होणार नाही. आणि 'उचल्या'सारखं हयात लेखकाचं पुस्तक परवानगीशिवाय पूर्ण वाचून टाकायचंच नाही. परीक्षण करताना थोडा उतारा देता येतो, तेवढी सूट कायद्यात आहे. यूट्यूबवर नव्वद दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक आले की चॅनल बंद होऊ शकतं. पण त्या भीतीपेक्षा मोठी गोष्ट अशी की मराठी लेखकाला पुस्तकाचे पैसे आधीच कमी मिळतात, त्यातले आपण का खायचे?

ज्यांना वाचूनच दाखवायचंय त्यांनी 'श्यामची आई' घ्या. त्यातल्या प्रकरणांना 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी नावं आहेत. श्याम रोज रात्री मित्रांना बसवून गोष्ट सांगतो. म्हणजे पुस्तकाची रचनाच रोज एक भाग अशी आहे! एक रात्र म्हणजे एक ऑडिओ. घरातल्या आजीलाही ऐकवता येईल.

शेवटचा मुद्दा आवाजाचा. मी बघतो, आपल्याकडची पोरं एरवी छान बोलतात, आणि कॅमेरा चालू झाला की पुण्याची होतात! "काय करायलास" म्हणणारा नांदेडचा गडी एकदम "मित्रांनो, आज आपण जाणून घेणार आहोत" असं म्हणायला लागतो. कशाला? पुस्तक आहे तसं वाचा, तिथं शब्द बदलू नका. पण त्याबद्दल बोलताना घरी बोलता तसं बोला. २०२२ मध्ये आपल्या उदगीरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, म्हणजे भाषेचा सगळ्यात मोठा मांडव आपल्या दारात आला होता. आपल्या बोलीला लाजायचं कारण उरलेलं नाही. तुमचा मित्र तुमच्या त्या बोलण्यावरच विश्वास ठेवतो.

आणि माइक, लाइट, थंबनेल यात अडकू नका. पंखा बंद करा, मोबाइल तोंडापासून वीतभर लांब धरा, एवढ्यावर भागतं. खरं तर पहिला प्रयोग व्हिडिओचा करूच नका. एक माणूस निवडा, जो आधी वाचायचा आणि आता वाचत नाही. भाऊ असेल, रूममेट असेल, लग्न होऊन गेलेली ताई असेल. तिला दोन मिनिटांची व्हॉइस नोट पाठवा. एक पुस्तक, एक प्रसंग, एक प्रश्न. आठ दिवसांनी "आवडलं का?" असं विचारू नका, कारण "हो" म्हणायला काही लागत नाही. "कितव्या पानावर आहेस?" असं विचारा. तिनं पान सांगितलं तर तुम्हाला जमलं. नाही सांगितलं तर दुसरा प्रसंग निवडा, परत पाठवा. असे पाच जण पानं सांगायला लागले की मग खुशाल चॅनल काढा. तेव्हा तुम्हाला माहीत असेल की आपण नक्की कुणाशी बोलतोय.

तर या आठवड्यात एवढंच करा: एक माणूस, एक व्हॉइस नोट. आणि अभ्यासिकेत बसणाऱ्यांनो, त्या कपाटाची किल्ली कुणाकडं असते, तेवढं विचारून ठेवा. महिन्याला एक पुस्तक घरी नेलं म्हणून नीटचा स्कोअर पडत नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर कितव्या पानावर आहात, ते मला जरूर कळवा!