मुळांचा शेजारधर्म



कोणत्या विषयावर बोलणार, असे मालेच्या चालकांनी विचारले तेव्हा आम्ही 'बुरशी' असे सांगितले. क्षणभर कोणीच काही बोलले नाही. मग एका गृहस्थांनी अदबीने विचारले, 'वसंतात दुसरा काही विषय नाही का?' त्यांची अडचण आम्हांस समजली. उन्हाळ कांदा शेतातून निघतो आहे, चाळी भरल्या जात आहेत, उमराण्याच्या बाजाराकडे गाड्या चालल्या आहेत. जिच्यामुळे चाळीतला कांदा काळा पडतो तिचे नाव अशा दिवसांत भर सभेत काढणे म्हणजे लग्नघरी भलता शब्द उच्चारण्यासारखेच झाले! कांद्यावर करपा, द्राक्षावर डाऊनी आणि भुरी, डाळिंबाला मर. बुरशी म्हटली की आपल्याला फवारणीचा पंप आठवतो, आणि त्यात चूक काही नाही. या रोगांपायी कित्येकांचे हंगामच्या हंगाम बुडालेले आहेत.

तेव्हा बुरशीचे वकीलपत्र घेऊन आम्ही येथे उभे नाही. परंतु एकाच बाजूचा पुरावा ऐकून निकाल देऊ नये, हा न्यायाचा साधा नियम आहे. दुसऱ्या बाजूचा जो पुरावा शास्त्रज्ञांनी अलीकडे पुढे आणला आहे, तो नेमका आपल्या तालुक्याच्या कांद्याच्या मुळाशी जाऊन पोचतो. तो आपल्यापुढे ठेवावा, एवढाच आमचा हेतू.

प्रथम आरोपीची ओळख करून घेऊ. आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत बुरशी शिकली ती वनस्पतींच्या धड्यात. वस्तुतः ती वनस्पती नव्हे. तिला पाने नाहीत, हरितद्रव्य नाही, स्वतःचे अन्न स्वतः करता येत नाही. तिच्या पेशींच्या भिंतीत जे कायटिन असते तेच झुरळाच्या आणि खेकड्याच्या कवचात असते. वंशावळ काढून पाहिली तर तिचे नाते झाडांपेक्षा प्राण्यांशी जवळचे निघते. आणि हे घराणे केवढे मोठे! लंडनच्या क्यू उद्यानातील शास्त्रज्ञांनी २०२३ साली जो अहवाल प्रसिद्ध केला त्यात असा हिशेब आहे की, बुरशीच्या सुमारे १,५५,००० जातींना आजवर नावे मिळाली. प्रत्यक्षात मात्र त्या २५ लाखांच्या घरात असाव्यात. म्हणजे दहांतल्या नऊ जणींची तोंडओळखही नाही. ज्या घराण्यातील बहुतेक माणसे आपण पाहिलेलीच नाहीत, त्या अवघ्या घराण्याला चोर ठरविणे घाईचे होईल.

या घराण्यातील एक व्यक्ती मात्र आपल्या रोजच्या परिचयाची आहे, आणि तिची ओळख येथे बसलेल्या भगिनींना आमच्यापेक्षा अधिक आहे. काळ्या मसाल्यात जे दगडफूल पडते ते हातात घेऊन पाहा. एका बाजूने राखाडी, दुसऱ्या बाजूने काळपट असा तो पापुद्रा. नाव दगडफूल, पण ते फूल नव्हे, आणि बाजारात येणारे पुष्कळसे दगडावरचेही नव्हे, ते झाडाच्या सालीवर वाढलेले असते. मग ते आहे तरी काय? १८६७ साली श्वेंडेनर नावाच्या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने सांगितले की, हा एक जीव नसून दोघांचा संसार आहे. बाहेरचे घर बुरशीचे, आणि आत बारीक हिरव्या शेवाळाच्या पेशी. शेवाळ उन्हात अन्न तयार करते, बुरशी त्याला आसरा आणि ओल देते. दगडफुलाचा अभ्यास करण्यात ज्यांची हयात गेली होती त्या पंडितांनी हे मत हसण्यावारी नेले. पुढे श्वेंडेनरचे म्हणणेच खरे ठरले. एवढेच की, त्याने बुरशीला मालक म्हटले होते आणि शेवाळाला गुलाम. आजचे शास्त्रज्ञ इतक्या कठोर शब्दांत बोलत नाहीत. २०१६ साली तर काही दगडफुलांच्या सालीत तिसरीच एक बुरशी, यीस्टच्या जातीची, राहत असल्याचे आढळले. ती पाहुणी की घरची, यावर अजून वाद चालू आहे. आपल्या पुण्यातही १९४६ साली सुरू झालेल्या, आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत बुरशी आणि दगडफूल या दोहोंचा अभ्यास कित्येक वर्षे चालत आला आहे.

दगडफुलाची गोष्ट एवढ्यासाठी सांगितली की, दोन निराळ्या जातीचे जीव एकत्र येऊन संसार करतात हे एकदा पटले म्हणजे पुढची गोष्ट पटावयास जड जात नाही. ती पुढची गोष्ट १८८५ सालची. त्या एकाच वर्षी युरोपात बुरशीविषयी दोन निबंध प्रसिद्ध झाले, आणि ते दोन दिशांना तोंड करून होते.

पहिला फ्रान्समधला. बोर्दो भागात द्राक्षबागांचे मालक रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे पाणी शिंपडीत. हेतू काय, तर निळसर डाग पाहून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षे तोडू नयेत! मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या ध्यानात आले की, आतल्या वेलींची पाने डाऊनीने झडली, पण या कडेच्या वेली मात्र हिरव्यागार आहेत. त्यातून बोर्डो मिश्रण निघाले. आपल्या जिल्ह्यातील द्राक्षबागाइतदाराला ते सांगावयास नको.

दुसरा निबंध जर्मनीतला. फ्रांक नावाच्या शास्त्रज्ञावर तेथील सरकारने एक कामगिरी सोपविली होती. ट्रफल नावाची जमिनीखाली वाढणारी एक महागडी अळंबी असते. तिची लागवड करता येईल का, ते पाहावयाचे होते. लागवड काही साधली नाही. पण झाडांची मुळे उकरताना त्याला दिसले की, निरोगी झाडांच्या मुळांभोवती बुरशीचे वेष्टन आहे आणि झाड त्याने आजारी पडलेले नाही. उलट ती बुरशीच झाडाला जमिनीतून पाणी व क्षार आणून देत असावी. मूळ आणि बुरशी यांच्या या जोडीला त्याने मायकोरायझा हे नाव दिले. आपण कवकमूळ म्हणू.

एकाच वर्षी एकाने सांगितले, बुरशी अशी मारावी. दुसऱ्याने सांगितले, बुरशीवाचून झाडाचे चालत नाही. जगाने पहिला निबंध उचलला आणि दुसरा कपाटात ठेवला. आमच्या आजच्या बोलण्याचे सार म्हटले तर एवढेच आहे.

आता कांद्याकडे येऊ. शेतातून कांद्याचे एक रोप अलगद उपटून त्याच्या मुळ्या पाहा. पांढऱ्या दोऱ्यांसारख्या, आखूड, जाडसर. त्यांना फाटे थोडे आणि केसासारखी बारीक मुळे तर जवळजवळ नाहीतच. शेजारचे गवत उपटले तर त्याच्या मुळांचे जाळे मातीचा गड्डा धरून वर येते. कांदा त्या मानाने अगदी अपंग. मग हा अपंग जमिनीतून स्फुरद मिळवितो कसा? नत्र पाण्याबरोबर वाहत मुळापाशी येते. स्फुरद तसे येत नाही. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत तर ते चुन्याशी जखडून बसते. मुळाला चिकटून असलेले स्फुरद संपले की तेवढ्यापुरती माती रिकामी होते, आणि दोन बोटांवर भरलेले कोठार असूनही रोप उपाशी राहते.

येथे शेजारी मदतीला येतो. बुरशीचा धागा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक असतो. मूळ जेथे शिरू शकत नाही अशा मातीच्या भेगांतून तो काही सेंटिमीटर दूर जातो आणि तेथले स्फुरद घेऊन येतो. दुसरे टोक मुळाच्या पेशीत शिरलेले असते. तेथे त्याला इतके फाटे फुटतात की सूक्ष्मदर्शकाखाली ते इवलेसे झाडच दिसते. या झाडाच्या फांद्यांवर देवघेव चालते. कांदा ही मदत घेणाऱ्या पिकांत अग्रगण्य आहे. आणि हा शेजार काल-परवाचा नव्हे. स्कॉटलंडमधील राइनी गावच्या खडकात सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे अवशेष सापडले, त्यांत ही बुरशी जागच्या जागी आहे. त्या वनस्पतींना धड मुळे फुटली नव्हती. शेजारी मात्र हजर होता!

ही मदत फुकट नाही. झाड पानांत तयार केलेल्या अन्नापैकी सुमारे ४ ते २० टक्के या शेजाऱ्याला देते. पूर्वी समज होता की ते फक्त साखर देते. २०१७ साली निरनिराळ्या प्रयोगशाळांनी दाखवून दिले की झाड तिला स्निग्ध पदार्थही पुरविते, कारण ते करण्याचे मूळ साहित्यच या बुरशीपाशी नाही. म्हणजे तेल-मीठ शेजारघरचे! आणि व्यवहार मोठा चोख. टोबी कियर्स या विदुषींनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली दाखविले की, जी बुरशी अधिक स्फुरद देते तिला मूळ अधिक अन्न देते, आणि बुरशीही अधिक देणाऱ्या मुळाकडेच अधिक माल पाठविते. आपल्याकडच्या पुष्कळ भागीदाऱ्यांना इतका हिशेब जमत नाही.

पण मूळ या शेजाऱ्याला हाक कशी मारते? ही गोष्ट सगळ्यांत गमतीची. ज्वारीच्या आणि उसाच्या मुलखातील शेतकरी टारफुला जाणतात. धुळीसारखे बी, वर्षानुवर्षे मातीत निजून राहणारे. पण ज्वारीचे मूळ जवळ आले की ते जागे होते आणि मुळाला चिकटून रस पिते. त्याला मुळाचा सुगावा कसा लागतो? १९६६ साली अमेरिकेतील संशोधकांनी मुळातून पाझरणारे एक द्रव्य वेगळे काढले. त्याच्या अतिसूक्ष्म अंशानेही टारफुल्याच्या जातीचे बी रुजते. कोडे सुटले, पण त्यातून दुसरे मोठे कोडे उभे राहिले. आपल्या घराचा पत्ता चोराला कळविणारे द्रव्य झाडाने करावेच कशाला? ३९ वर्षे याचे उत्तर मिळाले नाही. २००५ साली जपानच्या अकियामा यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दिले. ती हाक चोराला नव्हतीच, ती कवकमुळाच्या बुरशीला होती. ते द्रव्य पोचताच बुरशीच्या धाग्याला फाटे फुटतात आणि ती मुळाकडे वळते. टारफुला ती हाक चोरून ऐकावयास शिकला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

आता आपल्या कामाचा मुद्दा. मूळ ही हाक केव्हा मारते? स्फुरदाची चणचण असते तेव्हा. जमिनीत स्फुरद मुबलक असले म्हणजे रोप हाक मारणे कमी करते; ज्याचे घर भरलेले आहे तो शेजाऱ्याकडे कशाला जाईल? आपण कांद्याला दर हंगामी डीएपीच्या गोण्या टाकतो. माती तपासून टाकणारे किती आणि शेजारच्याने टाकले म्हणून टाकणारे किती, हे ज्याने त्याने मनाशी म्हणावे. स्फुरद फारसे वाहून जात नाही, ते साचत राहते. म्हणजे पैसा गोणीचा गेला, शेजारी उपाशी मेला, आणि पुढल्या वर्षी गोणीवाचून चालेनासे झाले. हे खत ज्या खडकापासून होते त्याचा बहुतेक भाग आपला देश परदेशातून आणतो. तिकडे भाव चढला की त्याची झळ गिरणाकाठच्या वाफ्याला लागते.

दुसरी गोष्ट औषधांची. शास्त्रज्ञांना प्रयोगासाठी कवकमुळाविना जमीन हवी असते तेव्हा ते तीत बेनोमिल नावाचे बुरशीनाशक ओततात. बेनोमिलचे जमिनीत जे रूपांतर होते ते कार्बेन्डाझिम. हे नाव येथे बहुतेकांना ठाऊक आहे. लागवडीपूर्वी कांद्याच्या रोपांची मुळे कित्येक ठिकाणी त्याच्याच द्रावणात बुडवितात. त्यामागे कारण आहे, मुळकुजीची भीती खोटी नाही. पण रोग असो वा नसो, सवय म्हणून मुळे बुडविताना आपण चोराबरोबर शेजाऱ्यालाही विष पाजीत आहोत, एवढे तरी ध्यानात असावे.

तिसरी गोष्ट फेरपालटाची. कोबी, फ्लॉवर, मोहरी या घराण्याला हा शेजार लागत नाही. जपानातील प्रयोगांत मोहरीनंतरच्या मक्यापेक्षा सूर्यफुलानंतरचा मका जोमदार आला, कारण सूर्यफुलाने बुरशी जमिनीत जगविली होती. रान दीर्घकाळ उघडे पडून राहिले तरी ती घटते. कांद्याआधी बाजरी, मका किंवा कडधान्य असले तर शेजारी घरात असतो.

येथे एक सावधगिरीचा शब्द बोलला पाहिजे. झाडे या धाग्यांतून एकमेकांशी बोलतात, आई लेकरांना जेवू घालते, अशा कथा आजकाल फार ऐकू येतात. २०२३ साली या क्षेत्रातील जाणत्यांनीच सांगितले की, त्यांतील पुष्कळ विधानांना जंगलातील पुरावा तोकडा आहे. तसेच कवकमुळाच्या पुड्यांचे. निरनिराळ्या देशांतील तपासण्यांत कित्येक पुड्यांतील बुरशी निर्जीव निघाली. आणि स्फुरदाने भरलेल्या जमिनीत जिवंत पुडीही फारसे काही करीत नाही. विकत आणलेला शेजारी टिकत नाही. असलेला राखणे स्वस्त पडते.

बंधुभगिनींनो, बोर्डो मिश्रण फेकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. करपा दारात उभा असताना तत्त्वज्ञान सांगणारा माणूस शहाणा नव्हे. आमचे म्हणणे इतकेच की १८८५ सालचे दोन्ही निबंध एकत्र वाचावेत. औषध घेण्यापूर्वी रोग ओळखावा, गोणी फोडण्यापूर्वी माती तपासावी. सगळीच बुरशी शत्रू मानून आपण शंभराहून अधिक वर्षे लढलो, आणि त्या लढाईत ४० कोटी वर्षांचा एक शेजारी आपल्या हातून मारला जातो आहे. तो तक्रार करीत नाही. कांदा मात्र करतो, आणि त्याची तक्रार आपल्याला खताच्या बिलात वाचावयास मिळते.

पुढल्या हंगामात रोप लावताना त्या आखूड पांढऱ्या मुळ्यांकडे आपण क्षणभर निरखून पाहिले, तर आजचे आमचे बोलणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.