पाण्याची वाट



मी सातवी शिकलेली बाई, भाषणाची सवय नाही. घर बांधताना ठेच लागून जे शिकले, तेवढेच सांगते.

आमची जागा काळ्या मातीची. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; म्हणून गवंडीदादांनी पाया मुरमापर्यंत खोल नेला. काम चोख! तरी पहिल्याच पावसाळ्यात सासूबाईंच्या खोलीला ओल चढली, गिलावा सुटला. गच्चीचे पाणी पाइपातून थेट जोत्याशी पडत होते. गवंडी म्हणाले, "पाइप प्लंबरचा." प्लंबर म्हणाले, "पुढचा चर मला कुणी सांगितलाच नाही." खरेच होते. चहा मी दोघांनाही दिला, पण वेगवेगळ्या दिवशी!

मग दोघांना एकत्र बोलावले. जोत्याशी बादलीभर पाणी ओतले नि विचारले, "दादा, हे जाणार कुठे?" तिथेच ठरले : भिंतीपासून बाहेर उतार, पुढे खडी भरलेला चर, आणि तो रस्त्याच्या गटारापर्यंत, शेजारणीच्या अंगणात नव्हे. यंदा भिंत कोरडी आहे.

भगिनींनो, पाया बुजवण्याआधीच सगळ्या कारागिरांना एकत्र बसवून हा प्रश्न विचारा. त्याला सातवीही पुरते.