लाल शाईखालची अहिराणी

(शिंदखेड्यात विद्यार्थ्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी काही वक्ता नाही. मुंबईच्या गोदीत माल उचलतो, रात्री कविता लिहितो आणि दहावी दुसऱ्या खेपेला पास आहे. शिक्षणावर बोल म्हणालात तेव्हा हसू आलं. पण नापासाला बोलावलंत ते बरं केलंत.

चौथीत 'माझे वडील' असा निबंध होता. मी लिहिलं, 'मना बाप वावरमा जास.' घरात, गल्लीत, बाजारात हीच भाषा. सगळ्यावर लाल रेघ आली. त्या रेघेखाली बापही गेला आणि वावरही गेलं. मास्तर म्हणाले, डोक्यात भुसा भरलाय. त्यांना वाटलं पोरगं चुकलं, पोराला वाटलं आपण 'ढ'. हा शब्द एकदा आत शिरला की परीक्षा घ्यायची गरजच उरत नाही. पोरगं आपणच आपल्याला नापास करत बसतं. येत असलं तरी हात वर करत नाही. शेवटचा बाक आपणहून शोधतं.

१ एप्रिल २०१० ला शिक्षणहक्क कायदा लागू झाला. आठवीपर्यंत नापास करायचं नाही, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन करायचं. नाव जड, पण कल्पना चांगली होती. पोरगं काय बोलतं, काय करून दाखवतं, कुठं अडतं हे वर्षभर बघायचं आणि तसं शिकवणं बदलायचं. मातृभाषेचंही कायद्यात आहे, पण 'शक्य असेल तितपत'. त्या तितपतमध्येच आमची अहिराणी गेली. माझ्या प्रगतिपत्रकावर नोंद आली, 'वर्गकार्यात आनंदाने सहभागी होतो.' शेजारच्याच्या पत्रकावर तेच. त्याच्या शेजारच्याच्याही. आणि मी तर वर्षभर तोंड उघडलं नव्हतं! असा ढकलत नेला आठवीपर्यंत, नववीत दणकन आपटलो. मग ओरड झाली की ढकलगाडीनं पोरं बिघडली. २०१९ ला कायदा बदलला, २०२३ ला महाराष्ट्रानं पाचवी-आठवीला परीक्षा आणली. आधी न बघता पास करत होते, आता न बघता नापास करतील. बघायचं काम तेवढं राहूनच गेलं.

जोतीराव १८८२ साली हंटर कमिशनपुढं बोलले होते. निकाल बघून शाळांना पैसे देण्याची पद्धत गोरगरिबांच्या शिक्षणाला उपयोगाची नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मास्तर शेतकरी वर्गातला हवा, वेळ पडली तर नांगराचं रुमणं धरणारा, म्हणजे पोरांत मिसळेल, त्यांची गरज ओळखेल. त्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवेनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, १८५५ साली 'ज्ञानोदय'त छापून आला. 'माझा आवडता ऋतू' लिहीत बसली नाही ती.

गोदीत नवा गडी आला की त्याच्याकडून व्याख्या पाठ करून घेत नाहीत. जुन्या गड्याशेजारी उभा करतात. 'हबेस' म्हटलं की भार वर, 'आरिया' म्हटलं की खाली. शाळेच्या पुस्तकात हे शब्द नाहीत, पण चुकला तर खालचा माणूस चिरडतो. कुणी ऐकून शिकतो, कुणी नुसता हात बघून. आमच्यातला एक जण सगळं कागदावर चितारून बघायचा, मगच त्याला उमजायचं. मुकादम ज्याला जसं समजेल तसं सांगतो. शेवटी बघायचं एकच, भार नीट उतरला का.

आता सावध करतो. शहरातले शिकलेले मित्र सांगतात, अमेरिकेत हॉवर्ड गार्डनरनं १९८३ साली पुस्तक लिहिलं, बुद्धी एक नसते, अनेक तऱ्हेची असते. छान. पण आपल्या देशात 'ह्याची बुद्धी हातात आहे' असं कुणी म्हटलं की माझ्या पाठीत कळ येते. हे तर मनू केव्हाचं सांगतोय! १९५३ साली मद्रासमध्ये राजाजींनी योजना आणली, अर्धा वेळ शाळा आणि उरलेला वेळ बापाचा धंदा शिका. म्हणजे चांभाराच्या पोरानं चामडं, धोब्याच्या पोरानं धुणं. पेरियारनं रान उठवलं. १९५४ ला राजाजी गेले, योजनाही गेली. मी ओझं बरं उचलतो ही माझी उपजत क्षमता नव्हे हो, नववीत आपटल्यावर तेवढंच दार उघडं होतं. पोराचं बळ कशात आहे हे बघायचं ते त्याला तिथून गणितापर्यंत, इंग्रजीपर्यंत न्यायला. तिथंच खुंटीला बांधायला नाही. अहिराणीतून सुरू करा, पण प्रमाण मराठीही द्या, इंग्रजीही द्या. आम्हाला सगळं पाहिजे.

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचं नाव दिलं. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्या १९५१ ला गेल्या, १९५२ ला त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं. त्यांची लेवा बोली, आमची अहिराणी, दोघी खान्देशच्याच. पुस्तकात छापली की कविता, आमच्या वहीत आली की चूक. साला हा कुठला न्याय?

माझा भाचा इथंच दुसरीत आहे. काल त्यानं मला स्टेशनात बघितलेल्या आगगाडीची गोष्ट सांगितली, कुठंही न अडखळता, शिट्टीसकट. वहीत मात्र आगगाडीवर दोनच ओळी, त्याही फळ्यावरून उतरवलेल्या. मी त्याची गोष्ट त्याच्याच शब्दांत लिहून घेतलीय. उद्या गाडी धरायच्या आधी शाळेत जाऊन त्याच्या बाईंना दाखवणार आहे. बाई अहिराणी बोलतात, वर्गाबाहेर. बघू, वाचून दाखवतात की पेन काढतात.