गर्दीचे मन आणि पोलिसांची लाठी



‘गर्दीला डोके नसते’ हे वाक्य आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की, त्यामागे एक सिद्धान्त उभा आहे याची जाणीवही आपल्याला नसते. गुस्ताव्ह ल बाँ या फ्रेंच लेखकाने १८९५ साली तो ग्रंथरूपाने मांडला. समूहात मिसळताच माणूस आपला विवेक हरवतो, असे त्याचे म्हणणे. राज्यकर्त्यांना ते सोयीचे वाटले यात नवल नाही. ज्याला बुद्धीच नाही त्याच्याशी बोलायचे काय? तेथे लाठीच बोलणार!

१५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधील शेफील्ड येथे हिल्सबरो क्रीडांगणावर ही दृष्टी किती महाग पडते ते दिसले. बाहेरची दाटी कमी व्हावी म्हणून पोलिसांनी एक दरवाजा उघडविला. परंतु आधीच भरलेल्या, कुंपणाने बंदिस्त अशा मधल्या भागाकडे जाणारा बोगदा बंद केला नाही. लोक थेट त्या सापळ्यात शिरले. कुंपणावर चढून सुटू पाहणारे जीव पोलिसांना प्रथम दंगेखोर वाटले. एकंदर ९७ माणसे गेली. त्यांतील शेवटचा त्याच इजांमुळे २०२१ साली. दोष प्रेक्षकांचा नव्हता, हा ज्यूरीचा निर्णय यावयास २०१६ साल उजाडले.

माणसे घाबरून एकमेकांना तुडवितात, ही समजूतही बव्हंशी अपुरी आहे. एका चौरस मीटरात सहा-सात माणसे दाटली की पाय आपल्या ताब्यात राहत नाहीत. मागच्याला पुढचे दिसत नाही आणि छातीवरील दाबाने उभ्याउभ्याच श्वास कोंडतो. २००५ साली मांढरदेवीला आणि २०१७ साली मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या जिन्यावर काय घडले ते आपण विसरलेलो नाही. (आपल्या गणेशोत्सवाच्या मांडवालाही दोन दारे असावीत, हे जाता जाता.)

क्लिफर्ड स्टॉट प्रभृती मानसशास्त्रज्ञ म्हणतात, गर्दीत माणूस स्वत्व गमावीत नाही. ‘मी’चा ‘आम्ही’ होतो. पोलीस सर्वांना सरसकट झोडपू लागले की शांत माणूसही दांडगटांच्या बाजूला सरकतो. २००४ साली पोर्तुगालमधील युरोपीय फुटबॉल स्पर्धेत शहरांतून दंगलविरोधी पथके दृष्टीआड ठेवली गेली. साध्या गणवेशातील पोलीस लोकांत मिसळून बोलत राहिले. जेथे असे झाले तेथे मोठी दंगल उसळली नाही.

आपल्या वारीला हे पोर्तुगालकडून शिकावे लागले नाही. माउलींच्या पालखीतळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंचावतो आणि हजारो टाळ थांबतात. मात्र ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, तोड काढतो. मग ते टाळही शांत होतात आणि आरती सुरू होते.